हात रिकामे का नकोत?



मागच्या डिसेंबरातली गोष्ट. स्वारगेटहून साताऱ्याला एस.टी.नं निघाले होते. खिडकीची जागा मिळाली. कात्रजचा बोगदा यायच्या आत तिकीट काढून झालं, बायकांचं अर्धं तिकीट. मग पिशवीतून विणकाम काढलं. पाच सुया, राखाडी लोकर, मोजा टाचेपर्यंत आला होता. शेजारी साठीचे एक गृहस्थ बसले होते. थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं वाटलं ताई तुमच्याकडे बघून. वेळ वाया घालवत नाही तुम्ही. नाही तर हल्ली बायका अर्ध्या तिकिटात नुसत्या हिंडत असतात." एवढं बोलून त्यांनी पोटावर हात ठेवले, डोळे मिटले आणि सुरूर आल्यावर उघडले.

मला राग आला, पण उशिरा आला. आधी, खरं सांगते, मला बरं वाटलं. चांगल्या बाईचं प्रशस्तिपत्र मिळालं की अजूनही छाती एक इंच फुगते. चाळीस वर्षं मोर्चे काढून, पत्रकं वाटून, शिबिरं घेऊनही ही सवय गेलेली नाही. राग आला तो खंबाटकीचा घाट चढताना, त्यांच्या घोरण्याचा आवाज ऐकून. हा माणूस अडीच तास काहीही करत नव्हता. त्याला कुणी म्हणालं नाही की काका, वेळ वाया चाललाय. त्याचं पूर्ण तिकीट होतं म्हणून? मग १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बाईचं तिकीट अर्धं झालं, तर बाईनं उरलेलं अर्धं भाडं हातानं काम करून फेडायचं असतं की काय?

'नुसत्या हिंडतात' यातला 'नुसत्या' हा शब्द नीट बघा. पुरुष नुसता बसतो, नुसता उभा राहतो, नुसता पारावर, नुसता पानाच्या टपरीवर, नुसता झेड ब्रिजच्या कठड्याला टेकून. त्याच्या 'नुसतं' असण्याला कुणी हिशेब मागत नाही. बाईला मात्र कारण लागतं. भाजी आणायला चालले, मुलाला शाळेतून आणायला चालले, देवाला चालले, दवाखान्यात चालले. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांवर २०११ साली एक पुस्तक लिहिलं, 'व्हाय लॉयटर?' त्यांचं म्हणणं हेच आहे की कारण नसताना, काम नसताना रस्त्यावर रेंगाळण्याचा हक्क बाईला हवा. माझी त्याला एक पुस्ती आहे. बाईला कारण नसेल तर निदान हातात काहीतरी लागतं. मोजा हा माझा रस्त्यावर बसण्याचा परवाना होता, आणि तो मला इतका अंगवळणी पडला होता की तो परवाना आहे हेच कळायला साठी उलटावी लागली.

मी पुणे-लोणावळा लोकलनं एकोणतीस वर्षं नोकरीला जा-ये केली. ही लोकल १९७८ साली सुरू झाली. मी १९८६ मध्ये तळेगावहून शिवाजीनगरला यायला लागले आणि २०१५ मध्ये निवृत्त झाले. बायकांच्या डब्यात तेव्हा काय काय चालायचं ते त्या डब्यातून गेलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. मेथी निवडली जायची, मटार सोलले जायचे, ब्लाउजला हुक लावले जायचे, वही तपासली जायची. कुणी गजरा ओवायची. हिवाळा आला की निम्म्या डब्याच्या मांडीवर लोकर. वर्तमानपत्रवाल्यांना हे दृश्य फार आवडतं. दर काही वर्षांनी कुणीतरी येतो, बायकांच्या डब्यातल्या 'जिव्हाळ्या'वर लिहितो, मटाराचा फोटो काढतो. जिव्हाळा होताच, मी नाकारत नाही. पण पुरुषांच्या डब्यात त्याच वेळी मांडीवर ब्रीफकेस ठेवून पत्ते चाललेले असायचे आणि मटार कुणी सोलत नव्हतं, हे त्याच्या लेखात येत नाही. एकाच गाडीचे दोन डबे. एका डब्यात प्रवास चाललेला असायचा, दुसऱ्यात घर.

आकडा हवा असेल तर सरकारनंच मोजलेला आहे. वेळ कसा खर्च होतो याची देशव्यापी पाहणी केंद्र सरकारनं २०१९ मध्ये केली आणि पुन्हा २०२४ मध्ये. २०२४ च्या पाहणीत घरचं बिनपगारी काम करणारी बाई दिवसाला २८९ मिनिटं त्यात घालवते आणि पुरुष ८८. पुरुषांचा हा ८८ चा आकडा फक्त जे पुरुष असं काम करतात त्यांचा आहे, आणि असे पुरुष थोडे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली. पुरुषांनीही आपली नऊ कमी करून घेतली! ज्या बाईच्या दिवसाची अशी पावणेपाच-पाच तासांची चिरफाड आधीच झालेली आहे, तिला गाडीत चाळीस मिनिटं बसायला मिळाली तर तिनं त्या चाळीस मिनिटांत काय करावं, हे सांगायचा हक्क शेजारच्या गृहस्थांना कुठून येतो?

पुण्यात सुईचा वाद नवा नाही. १८८४ साली मुलींसाठी हायस्कूल निघालं, आज ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो ते. तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवून काय करायचं, त्यांना देशी भाषा, धर्मनीती आणि शिवणटिपण शिकवा, असं म्हणणाऱ्यांत टिळकही होते. म्हणजे सुई ही शिक्षणाच्या जोडीला नको होती, शिक्षणाच्या ऐवजी हवी होती. दुसऱ्या बाजूला पाहा: १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, तेव्हा तिथेही शिवणाचे वर्ग होते. पण तिथे सुई म्हणजे विधवेच्या हातात येणारे चार पैसे होते, दिराच्या तोंडाकडे बघायला न लागणं होतं. सुई तीच. ती कुणी कुणाच्या हातात, कशाच्या बदल्यात दिली, हा प्रश्न आहे. म्हणून जेव्हा आपल्यातल्या काहीजणी विणकाम म्हणजे गुलामी असं एका दमात म्हणतात तेव्हा मला पटत नाही, आणि दुसऱ्या काहीजणी विणकाम म्हणजे बायकांची प्राचीन कला म्हणून ओवाळायला लागतात तेव्हा तर मुळीच पटत नाही. विणकाम कसलं बायकांचं! युरोपात विणकऱ्यांचे संघ होते त्यात उस्ताद पुरुष होते. पैसा होता तोवर तो पुरुषाचा धंदा होता. यंत्र आलं, पैसा यंत्रमालकाकडे गेला, मग सुया बाईच्या मांडीवर आल्या आणि त्याचं नाव पडलं हौस.

माझ्या आईच्या मांडीवर त्या १९६२ मध्ये आल्या. मी पाच वर्षांची होते. नारायण पेठेतल्या आमच्या खोलीत पानशेतच्या पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून दिसत होती. चीनशी युद्ध लागलं आणि वाड्यातल्या सगळ्या बायका जवानांसाठी मोजे, हातमोजे, मफलर विणायला बसल्या. देशभर बसल्या होत्या. खाकी आणि राखाडी लोकरीच्या लडी खुर्चीच्या पाठीवर अडकवून गुंडे करायचं काम आम्हा मुलींचं. आईला टाच वळवायला जमायची नाही, तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी तिला शिकवलं. त्या हिवाळ्यात आईनं किती जोड विणले ते कुणी मोजलं नाही. तिनंही नाही. मोठेपणी वाचलं की त्या वेळी आपले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत हिमालयात लढायला पाठवले गेले होते. मग मला तो वाडा पुन्हा आठवला. संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात जे भोक होतं ते माझी आई चार आणि एक पाच सुयांनी बुजवत होती. तिचं कौतुक झालं, भाषणांतून माता-भगिनींचे आभार मानले गेले. भोक कुणी पाडलं हे तिला कुणी सांगितलं नाही.

आईनं ते काम मनापासून केलं होतं आणि मी त्याची टिंगल करणार नाही. थंडीत गारठलेल्या पोरासाठी विणणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण बाईच्या मनापासून करण्यावर किती जणांचे संसार आणि किती सरकारं चालतात, याचा हिशेब आपण नाही तर कोण मागणार?

आता मी सांगणार आहे ती गोष्ट मला तीस वर्षं टोचते आहे, आणि तिच्यात दोषी आम्हीच आहोत.

१९९४ चा ऑगस्ट. शहरातल्या एका लोकरीच्या दुकानदारानं आमच्या डब्यातल्या एकीला विचारलं, लहान बाळांचे मोजे करून द्याल का? लोकर माझी, सुया तुमच्या, जोडीला सात रुपये. तिनं डब्यात सांगितलं. आम्ही नऊजणी तयार झालो. सगळ्या नोकरदार. बँक, पोस्ट, जिल्हा परिषद, शाळा. सात रुपये कमी आहेत हे कळत होतं, पण प्रत्येकीच्या तोंडी एकच वाक्य, "वेळ जातोच आहे ना." बाळाच्या मोज्यांना टाके थोडे, टाच साधी, तरी एका जोडीला तीन तास लागायचे. चाळीस मिनिटं जाताना, चाळीस येताना, महिन्याचे पंचवीस दिवस. माझे अकरा जोड झाले. सत्त्याहत्तर रुपये. एवढा आनंद मला पगाराचाही कधी झाला नव्हता. पगार घरात जायचा. हे सत्त्याहत्तर माझे होते. (ते कशावर गेले म्हणाल तर मुलीच्या रंगपेटीवर.) दुकानाच्या काचेत आमचे मोजे लागले होते, चिठ्ठीवर अठ्ठावीस रुपये.

ऑक्टोबरात एक दिवस देहूरोडला एक बाई चढल्या. ओळखीच्या नव्हत्या. हातात कापडी पिशवी, वरपर्यंत भरलेली. आमच्या मांडीवरची पिवळी आणि गुलाबी लोकर त्यांनी पाहिली आणि उभ्या-उभ्याच विचारलं, "तुम्हीच का त्या गाडीतल्या बायका?" आम्ही हसलो. आम्हाला वाटलं आपलं नाव झालंय. त्या म्हणाल्या, "मी सहा वर्षं त्या दुकानाला माल देते. जोडीला दहा रुपये मिळायचे. मालकाची कंपनी बंद पडल्यापासून आमचं घर त्याच्यावर आहे. काल दुकानदार म्हणाला, गाडीतल्या बायका सातला करून देतात, तुम्हाला परवडत असेल तर करा. ताई, तुम्हाला पगार आहे. तुम्ही सातला करता, तर मला दहा कोण देईल?"

आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी. खडकीपर्यंत कुणी काही बोललं नाही. कुणाच्या सुयाही चालत नव्हत्या.

त्यानंतर तीन आठवडे आमच्या डब्यात जे भांडण झालं ते मी कुठल्याही परिषदेत ऐकलेलं नाही. एकजण म्हणाली, आपण आजच सोडायचं. दुसरी म्हणाली, का सोडायचं, माझा नवरा माझा पगार हातात ठेवत नाही, हे सत्तर-ऐंशी रुपयेच माझे आहेत, मला काय कमी गरज आहे? तिचंही खरं होतं. तिसरी म्हणाली, आपण सोडलं तर तो कामशेतच्या बायकांना देईल, सहाला. तेही खरं निघालं असतं. शेवटी पासच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. लोकर धरून त्याचा खर्च किती, विक्री किती, आमचे तास किती. तासाला आम्हाला अडीच रुपयेसुद्धा पडत नव्हते. हा हिशेब मांडायला आम्हा बँक-पोस्टातल्या बायकांना दोन महिने का लागले? आकडे येत नव्हते म्हणून नाही. आपल्या हातकामाला तास लावायचे असतात हे डोक्यातच आलं नव्हतं. ऑफिसात अर्ध्या तासाचा ओव्हरटाइम आम्ही सोडत नसू.

एका शनिवारी आम्ही पाचजणी आणि त्या देहूरोडच्या बाई मिळून दुकानात गेलो. सगळ्यांना सारखा दर, बारा रुपये, असं मागितलं. दुकानदार उद्धट नव्हता, हसतमुख होता. म्हणाला, "ताई, तुम्ही हौस म्हणून करता ना? हौसेला का मोल असतं?" मग म्हणाला, पैसे वाढवायला जमणार नाही, पाहिजे तर महिन्याला दोन गुंडे लोकर जास्त देतो.

ही युक्ती त्याची नव्हती हे मला पुढे वाचनात आलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथल्या बायका पाठीवर शेणीसारख्या वाळवलेल्या मातीच्या इंधनाची टोपली घेऊन चालता-चालता मोजे आणि शाली विणायच्या. त्यांचे फोटो जगभर गेले, काय उद्योगी बायका म्हणून. पण व्यापारी त्यांना विणकामाचे पैसे देत नसत. चहा देत, कापड देत, आपल्याच दुकानातला माल गळ्यात मारत. रोख मागितलं तर नाही म्हणत. हे १८७२ च्या सरकारी चौकशीत त्या बायकांनी स्वतः साक्षी देऊन सांगितलं आहे. एकशे बावीस वर्षांनी पुण्यातल्या काउंटरवर तेच: पैसे नाहीत, लोकर घ्या. आणि त्या लोकरीचं काय करायचं? आणखी मोजे!

आम्ही काम सोडलं. नऊपैकी सातजणींनी. दोघींनी चालू ठेवलं आणि आम्ही त्यांना फुटीर म्हणालो, त्याची मला आज लाज वाटते; त्यातली एक तीच, जिला पगार हाताळायला मिळत नव्हता. देहूरोडच्या बाईंचा दर सातवरून आठवर आला तोही सहा महिन्यांनी. दहाचे सात करायला आम्हाला दोन महिने पुरले होते. पुढे त्यांनी विणकाम सोडून आकुर्डीत एका मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम धरलं. पोळ्यांना निदान शेकड्यावर भाव होता.

कामगार संघटनेतल्या एका मैत्रिणीनं तेव्हा आम्हाला दाखवलं होतं की १९४८ च्या किमान वेतन कायद्यात मालकाचा माल घरी नेऊन काम करणाऱ्यालाही कामगार म्हटलेलं आहे. पण ते ज्या धंद्यांची यादी लागेल त्यांच्यापुरतं, आणि आमच्याकडे ना बिल, ना पावती, ना दुकानदाराच्या वहीत आमचं नाव. पुढे १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरखेप कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. त्यात घरी बसून काम करणाऱ्याला इतर कामगारांच्या बरोबरीनं वागवा असं आहे. 'सेवा'सारख्या संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही. बिडी वळणाऱ्या बायकांना निदान लढून ओळखपत्रं मिळाली. मोजे विणणारीला तर आपण कामगार आहोत हेच पटवून द्यावं लागतं, आणि पटवायचं कुणी? आम्ही, ज्यांनी सातला विकले?

म्हणून मी म्हणते की हौस हा शब्द जपून वापरा. हौस असावी. मला आहे. साठ टाके चार सुयांवर पंधरा-पंधरा घालून, एक सुलट एक उलट अशी पट्टी विणत जायचं, मग पायाचा भाग, मग निम्मे टाके बाजूला ठेवून टाच. ती वळते तेव्हा सपाट विणकामाला एकदम खोलगट आकार येतो. हजार वेळा केलं असेल, तरी दर वेळी मला ते नवल वाटतं. या नवलाचे पैसे मी कुणाकडे मागत नाही. पण ज्या क्षणी तो मोजा दुकानात, प्रदर्शनात, बचत गटाच्या टेबलावर किंवा हल्ली मोबाइलवर विकायला जातो, त्या क्षणी माझी हौस दुसऱ्या कुणाच्या तरी पोटावर येते. आज मोबाइलवर फोटो टाकून विणकाम-क्रोशा विकणाऱ्या कितीतरी मुली मला भेटतात. शिकलेल्या, हुशार. दर विचारला तर म्हणतात, "लोकरीचा खर्च सुटला की झालं, आवड म्हणून करते." मी त्यांना देहूरोडची गोष्ट सांगते. त्यांना ती जुन्या काळातली वाटते.

आणि आपल्या संस्था काय करतात? बाईला रोजगार द्यायचा म्हटलं की शिलाई मशीन. गेली पन्नास वर्षं जिल्हा परिषद असो, नगरसेवक असो, रोटरी असो, आठ मार्चला फीत कापायची आणि शिलाई मशीन वाटायची. एका वस्तीत तीस मशिनी आल्यावर ब्लाउज कुणाचे शिवायचे आणि काय भावानं, हे कुणी विचारत नाही. गवंडीकाम, वायरिंग, रिक्षा शिकवायची म्हटली की बाईला झेपेल का अशी शंका. १८८४ च्या पुण्यापासून आपण फार लांब आलेलो नाही.

आता चळवळीतल्या मैत्रिणींशी माझं एक जुनं भांडण आहे तेही उरकून घेते. १९९७ च्या सुमारास एका शिबिरात मी मागे बसून विणत होते. व्यासपीठावरून एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, "ताई, सुया बाजूला ठेवा. इथे तरी घर सोडून या." सगळ्या हसल्या. मी ठेवल्या. संध्याकाळी चहा आला. तो तीन खेड्यांतून आलेल्या बायकांनी केला होता, कारण त्यांना 'बसून राहायला कसंतरी होतं'. त्यांना कुणी बाजूला ठेवा म्हटलं नाही. चहा सगळ्यांनी घेतला. मला त्या मुलीचा राग नव्हता, आजही नाही. ती म्हणत होती त्यात तथ्य होतं. पण सुया हिसकावून घेतल्यानं बाई मोकळी होत नाही. बसून राहायला कसंतरी का होतं, हा प्रश्न त्या शिबिरात घ्यायला हवा होता. तो आम्ही घेतला नाही.

त्या कसंतरी होण्याची चव मी साताऱ्याहून परत येताना घेतली. ठरवून सुया पिशवीत ठेवल्या आणि हात मांडीवर ठेवून बसले. काहीही करायचं नाही. मोबाइल नाही, पोथी नाही, शेंगा नाहीत. दहा मिनिटं बरी गेली. मग बोटं वळवळायला लागली. वाईचा फाटा गेला, शिरवळ गेलं, डोक्यात घरातल्या डब्यांची यादी सुरू झाली, धाकटीला फोन करायचा राहिला ते आठवलं, मोजा अर्धा आहे ते आठवलं. पुरुष हे जन्मभर कसं करतात? खेड-शिवापूरच्या आसपास शेजारच्या बाईंनी, माझ्याच वयाच्या, काळजीनं विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, नाही हो, नुसतीच बसलेय. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली.

तो राखाडी मोजा माझा आहे, हे सांगायचं राहिलं. पन्नास-एक वर्षांत मी सासऱ्यांचे, नवऱ्याचे, दिरांचे, तीन नातवंडांचे आणि ऑफिसातल्या किती बाळांचे मोजे विणले. स्वतःचा हा पहिला जोड. टाचांना भेगा आहेत, पुण्याच्या धुळीत चपला घालून हिंडणाऱ्या कुठल्या बाईला नाहीत? मुलगी म्हणाली, अगं, तुळशीबागेत अंगठ्याचे तयार मोजे मिळतात, कशाला डोळे फोडतेस? बरोबर आहे तिचं. मी ते काटकसर म्हणून करत नाही. घाईही नाही. मनात आलं तर विणते, नाही तर खिडकीतून बाहेर बघते.

आता कामाचं. आपल्या गटांतून विणकाम, क्रोशा, गोधड्या, भरतकाम विकलं जातं. या अंकाच्या वाचकांना माझं मागणं आहे की आपल्या गटातल्या प्रत्येक वस्तूला किती तास लागतात ते करणारीच्या तोंडून लिहून घ्या आणि तिला काय मिळतं तेही त्याच्या शेजारी लिहा. विकायला ठेवाल तेव्हा किमतीच्या चिठ्ठीवर तास लिहा, गिऱ्हाइकाला कळू द्या. ज्यांना पगार किंवा पेन्शन आहे त्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, त्याच वस्तीत पोटासाठी तेच काम करणारीच्या दराखाली एक रुपयानंही विकायचं नाही. देणगी द्यायची असेल तर रोख द्यावी, स्वस्त मोजे देऊ नयेत. हौसेनं केलेलं भेट द्या, घाला, उसवा. तासांचे आणि दरांचे आकडे गावाच्या नावासह पोस्टकार्डावर लिहून पाठवलेत तरी चालेल. निदान पुणे, सातारा आणि नगरचे आले तरी पुढच्या अंकात शेजारी-शेजारी मांडू. दुकानदाराचं नाव लिहू नका, करणारीचंही नको; वस्तू, तास, दर, एवढंच.